पानशेतपुढचे काजवे आणि माझी पाटी

सईने वर्गात थाप मारली होती. सुट्टी लागायच्या दिवशी, तिसरीच्या भर वर्गात, "मी झाडावर हजारो काजवे पाहिलेत" असं तिने जाहीर करून टाकलं. बाई खूश. "जूनमध्ये शाळा उघडली की सगळ्यांना नीट सांग हं," म्हणाल्या. मे संपत आला तेव्हा एकदा झोपताना तिने मला खरं काय ते सांगितलं आणि उशीत तोंड खुपसून रडली. एकही काजवा पाहिलेला नव्हता. शाळा उघडायच्या आत दाखवणं भाग होतं.

मृणालला, म्हणजे बायकोला, येतेस का विचारलं. "अंधार बघायला एवढं लांब कशाला? मी इथेच डोळे मिटते," ती म्हणाली. मी आणि सई दोघंच निघालो.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. वारज्याहून चारला निघालो, ही पहिली चूक. शनिवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या पाण्याकडे पाठ करून कणीस खायला अर्धं पुणं येतं आणि गाडी रस्त्यातच लावतं. तीनला निघा. पेट्रोल आधीच भरा. पानशेतच्या पुढे रस्ता अरुंद आहे, खड्डे प्रामाणिक आहेत, आणि मोबाइलची रेंज मधूनमधून जाते. ज्या वाडीत गेलो तिचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आमच्यासारखे लोक तिथे आधीच पुरेसे येतात. जेवणाचं तिथल्या सुलाबाईंना आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलं होतं. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, माणशी दोनशे. भाकरी मोजत नाहीत.

आता पाटीबद्दल. उजेड झाला की काजवे चमकायचे थांबतात, हे मी वाचून गेलो होतो. लोकांना तोंडी सांगितलं तर भांडण होतं. लिहून लावलं की त्याला शिस्त म्हणतात, अशी माझी तरी समजूत आहे. म्हणून मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, जाड मार्करने, घरूनच लिहून नेलं होतं: "काजवे पाहणाऱ्यांनी दिवे बंद ठेवावेत. उजेड पाहायचा असल्यास तो पुण्यात भरपूर आहे." दुसऱ्या वाक्यावर मी बराच खूश होतो. पोचल्यावर, उजेड असतानाच, काजवे बसतात त्या सादड्याच्या मोठ्या झाडाकडे जाणाऱ्या पायवाटेवर एका बांबूला ती सुतळीने करकचून बांधली.

सुलाबाई बघत होत्या. "अक्षर लई छान हाय, दादा," एवढंच म्हणाल्या.

साडेसातला अंधार पडला. सई माझा हात धरून उभी होती, श्वाससुद्धा जपून घेत होती. झाडाच्या खालच्या फांदीवर एक ठिपका लुकलुकला. "बाबा, तो—" ती म्हणाली, आणि पांढराशुभ्र झोत पडला. नुकतंच आलेलं एक कुटुंब मोबाइलचा टॉर्च लावून माझी पाटी वाचत होतं.

"अहो, दिवा बंद करा!" मी धावलो.

"वाचू तर द्या काय लिहिलंय ते," गृहस्थ म्हणाले.

"दिवा बंद करा, हेच लिहिलंय!"

"मग अंधारात कशाला लावलीय?"

तेवढ्यात मागून आणखी एक टॉर्च लागला, मग तिसरा. एक आजोबा तर चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून वाचत होते. "आम्ही शनिवार पेठेतले," ते शांतपणे म्हणाले, "पाटी न वाचता पुढे जाणं आम्हाला जमत नाही." शेवटी ती काढूनच टाकावी म्हटलं, तर सुतळीची गाठ सुटेना. गाठ दिसावी म्हणून मी स्वतःच टॉर्च लावला.

"आता तुम्ही लावलात," आजोबा म्हणाले.

या गोंधळात सुलाबाई आल्या. "दादा, तुमचं चालू द्या. पोरीला मागच्या बांधावर नेते, तिथं बी एक झाड हाय," म्हणाल्या आणि सईला घेऊन गेल्या. मी हो म्हटलं. पाच मिनिटांत येतो म्हटलं. वीस मिनिटांनी पुठ्ठा बगलेत मारून बांधावर पोचलो तेव्हा वारं सुटलं होतं आणि समोर नुसतं काळं झाड होतं.

"आत्ता व्हते की! वाऱ्यानं बसले पानाखाली," सुलाबाई म्हणाल्या.

सई माझ्या कमरेला बिलगली. "बाबा, अख्खं झाड एकदम चालू व्हायचं आणि एकदम बंद! तू कुठे होतास?" मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर तिचा हेवाही वाटला. नंतर अर्धा तास थांबलो. वारं पडलं नाही. पिठलं उत्तम होतं.

परतीच्या वाटेवर ती झोपली. सोसायटीच्या लिफ्टमध्ये डोळे चोळत म्हणाली, "आईला सांग की तू पण पाहिलेस."

"पण मी नाही पाहिले."

"मी पण नव्हते पाहिले. आधी सांगायचं, मग पुढच्या वर्षी जाऊन खरं करायचं. मी नेईन तुला."

मृणालने दार उघडलं. "दिसले?"

"हजारो," मी म्हणालो. बगलेत अजून पुठ्ठा होता. तिने तो टॉर्च न लावता वाचला.

शाळा उघडली. सईने वर्गात सगळं नीट सांगितलं, बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. तिचं सगळं आता खरं आहे. माझं अजून नाही. पुढच्या मेमध्ये पुन्हा जायचंय, तीन वाजता निघायचंय, पाटी न्यायची नाही. सईने तशी ताकीद दिली आहे आणि माझा हात सोडणार नाही असंही सांगितलंय.