ताईतातली नाळ

दवाखान्यात मी एकट्या सासऱ्यांना दोनदा मोजून बसलो. आनुवंशिक आजार बघणारी डॉक्टरीण आमच्या खानदानाचं झाड कागदावर काढत होती. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आईचे भाऊ विचारले, तर मी म्हटलं, एकच मामा, चौसाळ्याला किराणा दुकान. पुढं बायकोचे वडील विचारले. मी तितक्याच ऐटीत सांगितलं, चौसाळ्याला किराणा दुकान. तिनं दोन चौकोन काढले. बायको पदराआड हसत म्हणाली, "मॅडम, मानूस एकच हाय. मी ह्यांच्या मामाची पोरगी."

एक चौकोन खोडला गेला. आमचं झाड वळून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळालं.

खाली आणखी एक लहान चौकोन होता, तिरकी रेघ मारलेला. तो आमचा पहिला मुलगा. त्यानं मान धरलीच नाही. पहिल्या वाढदिवसाआधी गेला. आजाराचं नाव तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही. मागाहून झालेली मुलगीही आम्ही तिच्या मामाच्याच घरी दिली, आणि आता तिला दिवस गेले होते. तिच्या बाळाला तेच होईल का, एवढं विचारायला आलो होतो.

डॉक्टरीण म्हणाली, प्रत्येक माणसाच्या जनुकांत बारीकसारीक फरक असतातच. घात करणारा नेमका कुठला, ते त्या मुलाचं रक्त असतं तर शोधता आलं असतं. त्याचं काही राहिलंय का? मी म्हटलं, काही नाही. फोटोसुद्धा नाही.

बायकोनं गळ्यातला ताईत काढला. आत त्याची वाळलेली नाळ होती. इतकी वर्षं मी शहाणा त्यात अंगारा आहे असंच समजत होतो.

तपासणीत ती संपून जाईल, डॉक्टरीण म्हणाली, आणि एवढ्या जुन्यातून काही निघेलच असंही नाही. बायको बराच वेळ मूठ मिटून बसली. मग नाळ दिली आणि रिकामा ताईत परत गळ्यात घातला. एसटीत तिचा हात सारखा तिथंच जात होता. मी काहीतरी गंमत करायला गेलो, जमली नाही.

पुढं मुलगी-जावयासकट आमचं सगळ्यांचं रक्त नेलं, आणि एक दिवस फोन आला. नाळेतून दोष सापडला होता. आई-बाप दोघांकडून आला तरच तो बाळाला बाधतो. मुलीत तो होता, जावयात नव्हता; बाळाला त्या आजाराची भीती नव्हती. मी पेढे आणायला उठलो आणि घाईत बायकोच्याच चपला घातल्या. ती हसली नाही. ताईत चाचपत म्हणाली,

"न बघितलेल्या बहिनीला भावानं ओवाळनी घातली, अहो."