होडीच्या बुडाची फट
चहा आधी संपवा, मग सांगतो. मधेच हसलात तर ठसका लागेल. आणि हसावं की नाही, हे मला स्वतःलाच अजून कळलेलं नाही.

मी चाकणला फायबरच्या कारखान्यात आहे. बसचे डॅशबोर्ड म्हणा, टाक्या म्हणा, तडा कुठं होता ते तुम्हाला शोधून सापडणार नाही, असं काम. याच फुशारकीनं घात केला राव.

माझे दाजी नौदलातून निवृत्त होऊन थेरगावात राहतात. गेल्या वर्षी ताई गेली आणि त्यांनी बोलणंच सोडलं. जेवलात का विचारलं, तर नुसती मान हलवायची. मग एक दिवस टेम्पोतून जुनी शिडाची होडी घेऊन आले. फायबरची, उन्हानं तडकलेली, बूड खरवडलेलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरवली आणि मला म्हणाले, "संतोष, हिला पाण्यात घालायचीय. तुझ्या ताईला एकदा फिरवून आणीन म्हटलं होतं. राहून गेलं."

इतकं ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. नाही कसं म्हणणार?

सुट्टीच्या दिवशी दोघं कामाला बसायचो. शिडं-दोऱ्या त्यांच्याकडे, फायबर माझ्याकडे. ताईच्या वर्षश्राद्धासाठी ते चार दिवस आधीच गावी गेले. म्हटलं, परत येईपर्यंत तळ चकाचक करून ठेवू. होडी पालथी घातली, तर बुडाला मधोमध हातभर लांब फट. आरपार. मी कपाळावर हात मारला. एवढं भोक असताना हा माणूस हिच्यात बसणार होता?

बुजवली. फायबरच्या मॅटचे थर, चिकटवायला रेझिन, वरून जेलकोटचा लेप, मग आरशागत चमकेपर्यंत बफिंग. तोंड बघून भांग पाडावा असं बूड केलं. होडी पुन्हा सुलटी ठेवली आणि गप्प बसलो. म्हटलं, दाजींना पाण्यावरच कळू दे.

पवनेच्या धरणावर गेलो. लाइफ जॅकेटं चढवली, शीड फुगलं, होडी काठापासून लांब गेली. दाजींनी एक लांबट फळी उचलली आणि मधल्या खाचेत सरकवली. फळी अर्ध्यातच अडली.

"खालची फट कुठाय?"

"बुजवली की," मी छाती फुगवून म्हणालो.

दाजींनी फळी पुन्हा वर ओढली. "अरे, फळी खाली पाण्यात उतरायला असते ती. खाचेला चारी बाजूंनी उंच भिंत आहे, पाणी आत येत नाही. फळी नसली तर होडी वाऱ्याबरोबर आडवी सरकते."

सरकलीच. जोराचा वारा आला, होडी कलंडली आणि दोघंही पाण्यात. पालथी होडी सरळ करायलासुद्धा त्याच फळीवर उभं राहावं लागतं, हे ज्ञान मला तिथं मिळालं. आता धरायला काहीच नाही. बफिंग असं झकास की हात ठरेना.

तेवढ्यात दाजींचा हात सुटला. घसरला नाही, त्यांनी सोडला. दुसरा हात जॅकेटच्या बकलाकडे गेला. अगदी शांतपणे म्हणाले, "तू धरून राहा. मी थांबतो इथंच."

पाण्यानं झालो नव्हतो तेवढा गार झालो. तोंडातून निघेल ते बोललो. "दाजी, मला पोहता येत नाही."

ते थांबले. मग पुढे येऊन त्यांनी माझी कॉलर घट्ट धरली. "हे होडीत बसायच्या आधी सांगतात."

मासे धरणाऱ्यांनी आम्हाला होडीसकट काठावर आणलं तोवर दाजींनी कॉलर सोडली नाही. काठावर कुडकुडत त्यांनी बुडावरून हात फिरवला. "कुठं उकललंय का?"

"केसभर नाही."

"म्हणजे काम वाईट असतं तर फळीनं ढकलताच निघालं असतं. चांगलं केलंस म्हणून बुडालो." ते हसायला लागले. हसता हसता रडू फुटलं, आणि बराच वेळ थांबलं नाही. मी शेजारी बसून राहिलो. दुसरं काय करणार?

परवा पार्किंगमध्ये ग्राइंडर घेऊन बसलो होतो. शेजारी खुर्ची टाकून दाजी. सोसायटीचे सेक्रेटरी थांबले. "झाली का दुरुस्ती?"

"एकच काम राहिलंय. भोक पाडायचं."

ते दाजींकडे बघायला लागले. दाजी मला म्हणाले, "मोठं पाड. बुजवणारा घरचाच आहे."