ढीगवाल्या बाईंचे अकरा पेपर

आता हसू येतं, पण गणिताच्या नव्या बाई आल्या तेव्हा अख्ख्या स्टाफरूमने पहिल्याच आठवड्यात त्यांना आळशी ठरवून टाकलं होतं. कारण काय, तर चौथीची चाचणी घेतली आणि एकाही पेपरावर मार्क म्हणून टाकला नाही. बाकीचे मान मोडेपर्यंत तपासतायत, आणि या नुसते पेपरांचे ढीग लावत बसल्यात. नावच पडलं, ढीगवाल्या बाई.

आळशी कसल्या? घरी पलंगावर पेपर, खुर्चीवर पेपर, जमिनीवर पेपर. नवरा बिचारा दारात एका पायावर उभा राहून दुसरा कुठे ठेवू विचारत होता. सासूबाई म्हणाल्या, तू आज तरंग, तिचं व्हायचंय अजून.

बाईंची रीत साधी. घाईत चुकलेले एका ढिगात, प्रश्नच न कळलेले दुसऱ्यात, आणि अगदी खात्रीने चुकलेले तिसऱ्यात. या तिसऱ्यात निघाले अकरा पेपर. चारशे तीन वजा एकशे अडुसष्ट, आणि अकराही जणांचं उत्तर तीनशे पासष्ट. कॉपी म्हणावी तर पोरं वर्गाच्या चार कोपऱ्यांत बसलेली.

इकडे मुख्याध्यापकांना शुक्रवारी मार्क हवे होते. दहाच्या खाली मार्क असलेली पोरं मागच्या खोलीतल्या 'ब' तुकडीत जायची होती. त्या खोलीत गेलेलं पोर पुन्हा पुढे आल्याचं शाळेत कुणाला आठवत नव्हतं. आणि बाईंना दिसत होतं, मार्क टाकले की ही अकराच्या अकरा तिकडे जाणार.

त्यांनी अकरातल्या एका चुणचुणीत पोरीला जवळ घेऊन विचारलं, तिनातून आठ कसे काढलेस गं? पोरगी शांतपणे म्हणाली, "मोठ्यातून लहान काढायचं. वरचं असो की खालचं. गेल्या वर्षी मोठ्या सरांनीच सांगितलंय."

मोठे सर म्हणजे मुख्याध्यापकच. तिसरीच्या बाई रजेवर होत्या तेव्हा दोन महिने यांनीच गणित घेतलं होतं.

दुसरी असती तर गप्प बसली असती. या पेपर घेऊन तडक केबिनमध्ये. सर म्हणाले, मी असं शिकवेन का? बाईंनी अकरा पेपर टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

"पोरं ढ नाहीत, सर. तुम्ही सांगितलं ते त्यांनी इमानदारीत ऐकलंय. पाठवायचंच असेल मागच्या खोलीत, तर आधी तुम्ही जाऊन बसा."

सर पाणी प्यायले. मग आठ दिवस दिले, वर दम दिला की सुधारले नाहीत तर ऐकणार नाही.

आठ दिवस बाईंनी काड्यांच्या जुड्या आणल्या. शंभराची सोडा, दहाच्या दहा करा, दहाची सोडा, सुट्ट्या करा. मग तीच चाचणी, आकडे बदलून. नऊ जणांची उत्तरं बरोबर. दोघं चुकली, पण नव्या तऱ्हेने. बाई म्हणाल्या, चूक बदलली म्हणजे डोकं जागचं हललं, या दोघांना मी अजून आठवडाभर धरून बसते. 'ब' तुकडीची यादी सरांनी मुकाट्याने ड्रॉवरमध्ये टाकली.

पण हार मानतील तर ते सर कसले. म्हणाले, रजिस्टरात मात्र पहिल्याच चाचणीचे मार्क लागतील, रकाना एकच आहे.

"पहिली चाचणी मी काय शिकवायचं ते कळायला होती," बाई म्हणाल्या. "तिचे मार्क मला द्या." आणि पट्टी ठेवून दुसऱ्या चाचणीसाठी नवा रकाना आखायला लागल्या.

"निदान पेन्सिलने आखा. खोडता येईल."

बाईंनी रजिस्टर उलटून पहिलं पान पुढे केलं. सरांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'यात पेन्सिल वापरू नये. फक्त काळी शाई.'

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अक्षर बदललं नव्हतं. मग खिशातलं निळं पेन काढून बाईंपुढे ठेवलं.

"निळं नको," बाई म्हणाल्या, "काळं द्या."