चार बोटांचा ठोकळा

नंबरवाल्याचं डोकं फिरायला तसं फार काही लागत नसे. पण या एका लोखंडी ठोकळ्याने तीन आठवडे त्याच्या नाकात दम आणला होता.

लष्करी गाड्यांच्या डेपोत तीस वर्षं त्याने सुट्या भागांचं स्टोअर सांभाळलं. निवृत्त झाला तरी सुटका कुठली! जुन्या फौजी गाड्यांचे हौशी लोक गंजके तुकडे पिशवीत घालून दारात हजर. "काका, हे कशाचं असेल हो?" मग हा तुकडा घासणार, भिंग लावून त्यावर ठोकलेला नंबर शोधणार, जाडजूड पुस्तकं उघडणार आणि खेकसणार, "मागच्या ॲक्सलचा ब्रॅकेट आहे. उलटा धरलायस, शहाण्या!" म्हणून नाव पडलं नंबरवाला.

आता मात्र प्रकरण घरचंच होतं. भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, नऊ वर्षं खपून भंगारातला एक फौजी ट्रक उभा करत आणला आणि अगदी शेवटी त्यांची आठवणच दगा देऊ लागली. हल्ली ते ताईला "सिस्टर" म्हणत, दवाखान्यातली समजून. ट्रक तेवढा ओळखत. उरलेले भाग नंबरवाल्याने एकेक करून जागच्या जागी बसवले. राहिला हा ठोकळा. चार बोटं जाड, एका अंगाला खाच, दुसऱ्या अंगाला रबर. आणि भाऊजींचा हेका एकच.

"तो बसल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही."

इंजिन फिरवायचं हँडल ते उशाशी घेऊन झोपत.

"अहो, पण कुठे बसतो ते तरी सांगा!"

"तुला माहीत नाही? मग कसला रे नंबरवाला तू?"

ताई रोज त्याला शेडमध्ये गाठायची. "गाडी आपली आहे हे यांना कळतंय, तोवर एकदा सुरू होऊ दे रे. मी दुसरं काही मागतेय का?"

त्याने इंजिनखाली लावून पाहिला, स्प्रिंगजवळ लावून पाहिला, सगळी पुस्तकं दोनदा पालथी घातली. ठोकळ्यावर नंबर नव्हता. घासून गेला असणार, हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. बिननंबरी पार्ट फौजी गाडीत असतो का कधी?

एका दुपारी क्लच जुळवायला तो ट्रकखाली शिरला आणि ताईला ड्रायव्हरच्या सीटवर चढवलं.

"दाब क्लच."

"दाबतेय."

"अगं, पूर्ण दाब ना! जेवली नाहीस का?"

"पाय पुरत नाही रे मेल्या! चार बोटं कमी पडतंय. मी काय यांच्यासारखी ताडमाड आहे? गाडी शिकवा म्हणून यांच्या किती मागे लागले होते मी. दर वेळी आपलं तेच, थांब, तुझ्या पायाचं काहीतरी करतो."

ठोकळा नंबरवाल्याच्या डोक्याशीच पडला होता. त्याने तो हातात घेतला. कडांवर कानशीचे ओरखडे होते, हाताने घासलेले, थोडे वाकडेतिकडे. तीन आठवडे रोज दिसत होते ते त्याला. नंबर घासून गेला नव्हता, तो कुणी ठोकलाच नव्हता.

"गाढवासारखा पुस्तकं चाळत बसलो मी!" तो खालूनच ओरडला.

"आता काय झालं?"

"काही नाही. पाय बाजूला घे."

खाच क्लचच्या पेडलवर चपखल बसली. दोन बोल्ट आवळून त्याने भाऊजींना बोलावून आणलं. त्यांनी वाकून ठोकळा अंगठ्याने दाबून पाहिला, मान हलवली आणि हँडल नंबरवाल्याच्या हातात दिलं. मग ट्रकला वळसा घालून पलीकडच्या सीटवर चढून बसले.

दोनदा खोकून तिसऱ्या वेळी इंजिनाने सूर धरला. ताई एका हाताने स्टीअरिंग घट्ट धरून बसली होती. "आधी सांगायला काय झालं होतं यांना," ती एकीकडे चिडत होती आणि दुसरीकडे डोळे पुसत होती.

भाऊजींनी वाकून तिच्या पावलाकडे पाहिलं.

"पुरतोय ना गं आता पाय?"