पंख्याला हार

स्विच चालू ठेवून मी विमानाचा पंखा हाताने फिरवला. दसऱ्याच्या सकाळी, तोही बायकोला हार नीट घालता यावा म्हणून.

विमान म्हणजे काही फार नाही. तीन चाकं, दोन खुर्च्या, डोक्यावर कापडी पंख आणि पाठीमागे इंजिन नि पंखा. वलगावच्या बाजूला एका पडीत जमिनीवर मी ते उडवतो. आमच्या वऱ्हाडात दसऱ्याला ट्रॅक्टरपासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळ्यांना झेंडूचा हार पडतो, मग विमानानंच काय घोडं मारलं होतं?

पूजेआधी एक चक्कर मारून उतरलो. इंजिनाचा वेग जरा जास्तच कमी केला आणि ते आपोआप बंद पडलं. मला वाटलं, मीच बंद केलं. ऐटीत खाली उतरलो.

शेडच्या भिंतीवर मी स्वतः लाल रंगानं लिहिलेली पाटी होती : 'बंद पंखाही चालूच समजा.' येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मोठ्यानं वाचायला लावायचो.

बायको तेल्हाऱ्याची. ताट घेऊन ती मागच्या चाकाजवळ, पंख्यापुढे उभी राहिली. पात्याला हार अडकवला, तो घसरून टोकाला लोंबायला लागला.

"पातं आडवं हाय. हार कसा टिकन? उभं करा ना जरा."

मी पंख्याच्या मागे होतो. पातं धरलं आणि खाली ओढलं. इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं.

झेंडूचा चुरा माझ्या तोंडावर आला. हात कसा सुटला, मला ठाऊक नाही. पंखा दिसेनासा झाला; फिरताना तो दिसत नाही, हीच त्याची वाईट खोड. त्याच्या आरपार बायको दिसत होती. पंखा पुढची हवा ओढतो, म्हणून तिचा पदर फडफडत त्याच्याकडेच येत होता. तिच्या पाठीला पंख ताणून धरणारी तार, दोन्ही हातांत ताट.

ओरडून उपयोग नव्हता. मी माझाच सदरा मुठीत आवळून दाखवला. तिला कळलं. ताट टाकून तिनं पदर छातीशी घट्ट धरला आणि तारेला चिकटून राहिली.

स्विच पुढे, खुर्चीपाशी. पंख्याच्या कडेनं गेलो तर चार पावलं. पाय तिकडेच निघाले होते. मी त्यांना वळवलं आणि पंखाच्या टोकाला लांबून वळसा घालत पळालो. एक चप्पल वाटेत राहिली. एवढंसं विमान, पण त्या दिवशी त्याचं नाक काही येता येईना. पोचलो, स्विच पाडला.

पंखा थांबेपर्यंत आम्ही दोघं जागचे हललो नाही.

मग तिनं आधी आपली बोटं पाहिली, नंतर माझी. दोघांची मिळून वीस भरली. मी स्विचची चावी काढून खिशात घातली, जणू सगळा गुन्हा त्या चावीचाच.

"मले वाटलं, बंद हाय," मी म्हणालो.

ती सांडलेलं कुंकू तसंच ठेवून शेडकडे गेली, पाटीसमोर थांबली, सावकाश पूर्ण वाचली.

"अक्षर चांगलं हाय तुमचं," ती म्हणाली. "आता वाचता येनारा एखादा मानूस ठेवा."