खामगावात घड्याळांचं भाकीत

अमडापूरहून सकाळची एस.टी. धरली. काम काय होतं, ते आधीच सांगतो. खामगावच्या एका जिनात (कापसातून सरकी वेगळी करतात तो कारखाना) बायांना रोज संध्याकाळी उशिरा सोडतात. तिथलं घड्याळ सकाळी बरोबर असतं आणि दुपारच्या सुट्टीनंतर मागं पडतं. बायांपैकी एकीच्याही मनगटावर घड्याळ नाही. मग शेठचं घड्याळ सांगेल ती वेळ. आम्ही कार्यकर्त्यांनी पत्रकं वाटली, बायांचे अंगठे घेऊन अर्ज केला. आज कामगार खात्याचे साहेब संध्याकाळच्या भोंग्याला फाटकावर येणार होते. बाजारातले घड्याळजी मनोहरराव आपलं घड्याळ घेऊन तिथं उभे राहणार, असं त्यांनी मला कबूल केलं होतं.

वाटेत वैशाखातली भाजलेली काळी रानं, दुसरं काही नाही. उतरलो तो थेट फाटकावर गेलो. यमुनाबाई सुट्टीत भिंतीच्या सावलीला जेवत होती. अर्जावर पहिला अंगठा तिचा. तिनं अर्धी भाकर आणि ठेसा माझ्या हातावर ठेवला.

"घड्याळवाला येते ना, भाऊ?"

"शब्द दिलाय त्यांनी."

"नाही आला तं उद्या मले फाटकाच्या आत कोणी घेत नाही. खाय, काऊन थांबला?"

मनोहररावांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. परदेशात घड्याळांची मोठी जत्रा भरते. तिथं एक बडी कंपनी यंदा कोणती नवी घड्याळं मांडणार, याचं भाकीत चाललं होतं, आणि तेही घटमांडणीनं (अक्षय्य तृतीयेला घटाभोवती धान्य मांडायचं आणि सकाळी पाहून पाऊसपीक सांगायचं, ही इकडची रीत). काउंटरवर घट. भोवती गहू म्हणजे सोन्याचं घड्याळ, ज्वारी म्हणजे पोलादी, तीळ म्हणजे चंद्राच्या कला दाखवणारं. रात्रीतून घट पाझरला होता आणि पाणी ज्वारीत शिरलं होतं.

"पोलादी येते," मनोहरराव म्हणाले. "पाण्यात बुडलं तरी चालणारं."

"मंग हे घालून बुडाचं कुठं बे?" एक अडत्या म्हणाला. "विहिरीत तं गुडघाभर पाणी नाही."

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं गादीवरचा माणूस हसला. तोच जिनाचा शेठ. जे येईल ते घड्याळ मुंबईहून मागवायचं आणि मनोहररावांच्या हातूनच घ्यायचं, हे त्यानं आधीच जाहीर केलेलं.

मी मनोहररावांना भोंग्याची आठवण करून दिली. शेठनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मनोहरराव, आपल्या जिनातल्या घड्याळाले चावी कोण देते? सांगा याले."

"मीच देतो."

"आणि दुपारी मागं कोण करतं?" मी विचारलं.

मनोहरराव ज्वारीवर वाकले. "मांडणी वाचून होऊ द्या, भाऊ. तीळही जरासे हललेले दिसतात."

मी एकटाच फाटकावर गेलो. साहेब वेळेवर आले होते, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. भोंगा झाला. फाटकासमोरच्या पानवाल्यानं भोंग्यावर आपलं घड्याळ लावलं. अख्खं गाव असंच लावतं. साहेबांनी मनगटाकडं पाहिलं, जिनातल्या घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "माझंच पुढं दिसतंय." त्यांनी काटे मागं सरकवले.

"साहेब, तुमचंच बरोबर आहे," मी म्हणालो.

"एवढं मोठं घड्याळ चुकेल होय? पुरावा आहे का दुसरा?"

यमुनाबाई माझ्याकडं पाहत होती. मुकादमानं सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "तू उद्यापासून येऊ नको."

"हाव," ती म्हणाली. डोक्यावरची रुई झटकून ती गेली.

स्टँडवर साहेब आणि मी बरोबरच पोचलो. अमडापूरवरून जाणारी चिखलीची शेवटची गाडी, आम्हा दोघांचीही, निघून गेली होती. स्टँडवरचं घड्याळ रेल्वेच्या वेळेवर चालतं, गावाच्या नव्हे. मी साहेबांना ते भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. म्हटलं, हा घ्या पुरावा.

साहेबांनी मनगट पाहिलं आणि खिडकीतून तक्रारवही मागितली. गाडी वेळेआधी सोडली, असं त्यांनी सहीनिशी लिहिलं.

सकाळच्या गाडीनं परतलो. अमडापुरात लोक विचारतात, काय झालं? सांगतो, पोलादी घड्याळ येणार आहे, पाण्यात चालणारं. यमुनाबाईचं पुढं काय, हे मात्र त्या घटाला कुणी विचारलं नाही. आणि तिला शब्द मी दिला होता, मनोहररावांनी नाही.