मिठातला हात

तलासरीच्या आठवडे बाजारात दोन गोण्या अंथरता येतील एवढी जागा हिरकणीला सासूकडून मिळाली होती. काचबिंदूनं डोळे गेले तरी नरपडहून सुकी मासळी घेऊन ती तिथं येऊन बसत होती.

मुलानं, जतीननं, बोलणारा फोन आणून दिला. पहिल्याच बाजारी फोननं घाऊक माल घेणाऱ्या धर्मेशशेठचा निरोप खणखणीत वाचला: किती माल हवा, काय भाव देणार. शेजारी सुकी मासळीच विकणाऱ्या जिवलीनं सगळं ऐकलं.

"तुजा फोन बरा हाय गो," जिवली म्हणाली. "मला पण भाव सांगतो."

तेव्हा सून दिशा डहाणूच्या भाविनीबेनना घेऊन आली. त्या ब्रेल शिकवत. निरोप घरी फोनवर ऐकायचा, जाड कागदावर टोचून ठेवायचा आणि बाजारात पदराखाली बोटानं वाचायचा. हिरकणीला हे पटलं. पण ठिपके काही केल्या बोटाला लागेनात.

"मावशी, मिठानं बोटं निबर झालीत," भाविनीबेन म्हणाल्या. "थोडे महिने मासे खारवू नका."

हिरकणीला दिशाचं बोलणं आठवलं. गेल्याच आठवड्यात दिशा म्हणाली होती, आई, आता घरी बसा. बाईला आणलं कोणी? दिशानं. मिठातून हात काढला की खारवणार कोण? दिशा. आणि जी खारवेल, ती बाजारात बसेल.

मग ती कान देऊन राहू लागली. दिशा फोनवर हळू बोलली की हिरकणीच्या हातातलं काम थांबे. बोटांना लावायला दिशानं खोबरेल दिलं, तेही तिनं आधी हुंगून पाहिलं.

शेवटी मासे कापताना तिनं विचारलंच, "माजी जागा पायजे तुला?"

दिशानं कोयता खाली ठेवला. "पाहिजे. सात वर्षं तुमच्या पाट्या वाहते. दुसऱ्या कोणाला देणार आहात?"

"म्हणून शिकवायला आणलीस बाईला?"

"बाईला आणलं, कारण तुमचा भाव सगळ्या बाजाराला कळतो. उद्या जागा मिळून मी काय करू, गिऱ्हाईकच राहिलं नाही तर?"

गोड बोलली असती तर हिरकणीनं एक शब्द खरा मानला नसता. या उत्तरात दिशाचा स्वार्थ उघडा होता, आणि तो हिरकणीला समजण्यासारखा होता.

"डाव्या हाताला मीठ लावणार नाय," ती म्हणाली. "उजव्यानं खारवेन. बाजारात तू माज्या बाजूला बस, वजन कर."

"एका हातानं कसं खारवाल?"

"तू मासा धर."

पावसाळा सरता सरता डाव्या तर्जनीला पहिला शब्द लागला. बाजारात आता दोघी बसत. गिऱ्हाईक दिशाशी बोले, तराजू दिशाच्या हातात असे. मात्र खाली अंथरायची गोणी हिरकणी स्वतः घालायची, आणि दिशाला कडेला सरकायला सांगून आधी आपण मध्ये बसायची.